ओल एकीकडे, गळती दुसरीकडे

रिमोटवर चालणारा नायट्रो इंजिनाचा छोटा ट्रक उलटा करून पाहिला की तेल दिसतंच. चेसीवर, गिअरच्या आवरणाखाली, शॉकच्या टोकांशी कुठेतरी चिकट ओल असते आणि धूळ बसून तिचा काळपट थर झालेला असतो. ते पाहिलं की बहुतेकजण लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलतात आणि जिथे सगळ्यात जास्त ओल आहे तिथले बोल्ट आवळायला लागतात. मला तिथेच त्यांचा हात धरावासा वाटतो. कारण गच्चीत एकीकडे पाणी मुरतं आणि भिंतीवर डाग भलतीकडेच उमटतो, तसंच इथेही असतं. ओल दिसते ती इंधन जिथे पोचलं तिथे. ते निघालं कुठून हे शोधायचं काम अजून बाकी असतं, आणि या छंदात मला त्या कामाइतकं दुसरं काहीच आवडत नाही.

ट्रक पळवण्यात मजा आहेच. पण कोऱ्या टॉवेलवर इंजिन ठेवून, चांगल्या उजेडात, एकेक सांधा नजरेखालून घालत बसणं हा माझ्यासाठी वेगळाच आनंद आहे. यंत्र आपल्याला सगळं सांगत असतं. त्याने सांगितलेलं कळायला मात्र दोन-तीन गोष्टी आधी पक्क्या माहीत असाव्या लागतात.

पहिली गोष्ट इंधनाची. या इंधनात तीन मुख्य घटक असतात. मिथेनॉल सगळ्यात जास्त, नायट्रोमिथेन साधारण १० ते ३० टक्के, आणि उरलेलं तेल. हे तेल एरंडेल असतं, सिंथेटिक असतं किंवा दोन्हींचं मिश्रण. मिथेनॉल ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे गरम इंजिनावर सांडलं की बघता बघता उडून जातं. नायट्रोमिथेन त्याच्या मागोमाग जातं. मागे राहतं फक्त तेल. म्हणजे आपण बोटाला लागतं म्हणून ज्याला गळती म्हणतो, तो गळून गेलेल्या इंधनाचा थोडाच भाग असतो. तेलाचा एक थेंब दिसला तर त्यामागे कितीतरी पट इंधन बाहेर पडून हवेत विरलेलं असतं. थोडीशीच तर ओल आहे, असं कुणी म्हटलं की मला हे सांगावंसं वाटतं.

त्या तेलाचा रंग बघायचा. इंधनात बहुतेक वेळा गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग घातलेला असतो. ओल स्वच्छ असेल, तिच्यात त्या रंगाची छटा असेल, तर ते न जळलेलं इंधन आहे. ते टाकीतून, नळीतून किंवा कार्ब्युरेटरपाशी बाहेर आलंय. ओल तपकिरी किंवा काळी असेल तर ती ज्वलनातून गेलेली आहे आणि एक्झॉस्टच्या बाजूने आली आहे. राखाडी, धातूची झाक असलेली ओल बेअरिंगकडून किंवा क्लचकडून येते, आणि ती दिसली की मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बेअरिंग तपासतो. एवढ्या एका रंगाने निम्मं इंजिन संशयातून मोकळं होतं. पांढरा कागदी रुमाल घ्यायचा, एका जागी एकदाच टेकवायचा आणि उजेडात धरायचा. घासायचं नाही, कारण घासलं की धूळ, तेल आणि इंधन एक होतं आणि रंग हरवतो.

काही ओल मुळात दोषाची नसतेच. ट्यून्ड पाइपच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या नळकांड्याच्या, तोंडातून तेलाचे काळे थेंब उडणारच. इंजिनाला वंगण मिळतं ते इंधनातल्या तेलातूनच, आणि काम झालं की त्या तेलाला बाहेर पडायची तीच मुख्य वाट असते. ते थेंब उडायचे बंद झाले तर उलट काळजी करावी. एअर फिल्टरच्या तळाशी थोडं इंधन दिसणंही नेहमीचं, कारण इंजिन हळू फिरत असताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून बारीक तुषार मागे फेकतं. पुढच्या बेअरिंगपाशी किंचित दमटपणा असतोच. क्रँकशाफ्ट आणि तिच्या घरामध्ये तेलाचा पातळ थर जाण्याइतकी फट मुद्दाम ठेवलेली असते. त्यातून थोडं तेल पुढे सरकतं आणि पुढच्या बेअरिंगला तेच पोसतं.

आता दुसरी गोष्ट. ती नीट कळली की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं, असं मला वाटतं.

साधारण १८९०च्या आसपास इंग्लंडमध्ये बाथ इथे जोसेफ डे यांनी टू-स्ट्रोक इंजिनाची एक रचना बांधली. तिच्यात मिश्रण आत खेचायला वेगळा पंप नव्हता. पिस्टनखालची बंद पोकळी, म्हणजे क्रँककेस, तेच काम करत होती. पिस्टन वर गेला की खालच्या पोकळीत ओढ तयार होते आणि मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढतं. आपल्या हातातल्या साडेतीन सीसीच्या छोट्या इंजिनात आजही हेच चालतं. फरक वेगाचा आहे. हे इंजिन मिनिटाला ३०,००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला ५०० वेळा ती पोकळी ओढते आणि ५०० वेळा ढकलते.

म्हणून क्रँककेसच्या कुठल्याही सांध्याला फट पडली की ती दोन्ही दिशांनी चालते. ढकलताना इंधन बाहेर येतं, ओढताना हवा आत जाते. बाहेर आलेलं इंधन आपल्याला दिसतं म्हणून आपण त्याचा विचार करतो. इंजिनाचा जीव मात्र आत गेलेल्या हवेने जातो. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, त्यामुळे तिच्या वाट्याचं इंधन तिच्याबरोबर येत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे लीन. आणि इथे इंधन कमी पडलं की वंगणही तेवढंच कमी पडतं, कारण तेल इंधनातच मिसळलेलं आहे. इंजिन एकाच वेळी जास्त तापतं आणि जास्त कोरडं पडतं. पिस्टनच्या कडेवर उभे ओरखडे उठतात, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या भोकातली बुश सैल होते. हे सगळं बाहेरून दिसणाऱ्या दोन-चार थेंबांमागे चाललेलं असतं.

हवेच्या गळतीची लक्षणं एकदा लक्षात राहिली की इंजिनाचा नुसता आवाज ऐकून संशय येतो. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन व्यवस्थित ओढतं, पण थ्रॉटल सोडला की फेऱ्या पटकन खाली येत नाहीत. बराच वेळ वरच लटकून राहतात आणि मग अचानक कोसळून इंजिन बंद पडतं. पुन्हा सुरू केलं की आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा मंद वेग, वेगळाच. नीडलला, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला, हात न लावता सकाळी एक तऱ्हा, दुपारी दुसरी. यामागचं कारण सरळ आहे. आयडलला कार्ब्युरेटरची फट जेमतेम एक मिलिमीटर उघडी असते. तिच्या तुलनेत सांध्यातली बारीक चीरही मोठी ठरते. पूर्ण थ्रॉटलला तोंड पूर्ण उघडतं, हवेचा लोंढा आत येतो आणि त्यात चिरेतून येणारी हवा जाणवत नाही. म्हणून ज्या इंजिनाचा वरचा पट्टा चांगला आणि आयडल लहरी आहे, त्याच्या नीडलला मी हात लावत नाही आणि दुसऱ्यालाही लावू देत नाही.

आमच्यातला एक मुलगा एकदा असाच ट्रक घेऊन आला. लो-स्पीड नीडल, म्हणजे मंद वेगाचं इंधन ठरवणारा, त्याने इतका उघडला होता की अजून उघडायला जागाच उरली नव्हती. तरी आयडल लटकत होता.

“काका, आता हाय-स्पीड नीडल उघडून बघू का?”

“नको. आधी बॅकप्लेट काढ.”

बॅकप्लेट म्हणजे क्रँककेसचं मागचं झाकण. तिचा ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, खाचेत नीट बसला नव्हता. एका जागी तो मधे चिमटला जाऊन चपटा झाला होता, आणि त्या चपट्या जागेवर नखाच्या टोकाएवढी चीर पडली होती. नीडल उघडून त्याने जे इंधन वाढवलं होतं, ते या चिरेतून येणाऱ्या हवेची भरपाई करत होतं. अशी भरपाई कधीच पुरत नाही, कारण चिरेतून किती हवा येईल हे तापमानावर आणि फेऱ्यांवर ठरतं आणि सारखं बदलत राहतं. नीडल बिचारा एकाच जागी उभा असतो. गळती असताना ट्यूनिंग करायचं नाही, हा नियम मी फार कडकपणे पाळतो आणि इतरांनीही पाळावा म्हणून भांडतोसुद्धा.

शोधाची सुरुवात धुण्यापासून होते. इंजिन थंड करायचं, टाकी रिकामी करायची, एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरचं तोंड आणि एक्झॉस्टचं तोंड बंद करायचं, आणि मिथिलेटेड स्पिरिटने जुन्या टूथब्रशने सगळं धुऊन काढायचं. फिन्सच्या मधल्या खाचा, कार्ब्युरेटरच्या मानेखालची जागा, इंजिन माउंटचे कोपरे, सगळं. मग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण जुन्या तेलावर नवी गळती दिसत नाही. धुतल्यावर इंजिनावर टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरवायची. कार्ब्युरेटरचं तोंड बंद असताना, हे पुन्हा सांगतो, कारण पावडर आत जाता कामा नये. जादाची पावडर फुंकून टाकली की सांध्यांवर फिकट पांढरा लेप उरतो. मग इंजिन सुरू करायचं आणि थोडाच वेळ आयडलवर आणि मध्यम थ्रॉटलवर चालवायचं. फार वेळ चालवलं तर तेल सगळीकडे पसरतं आणि पुन्हा पहिल्यापासून धुवावं लागतं.

बंद केल्यावर भिंग घेऊन बघत बसायचं. पांढऱ्या लेपात आधी एक राखाडी रेघ उमटते, केसाएवढी. सांध्याच्या कडेने ती हळूहळू रुंदावते, खालच्या बाजूला झुकते आणि मग तिच्या टोकाशी थेंब धरतो. आपण नेहमी पाहतो तो थेंब. पण आता त्याच्या वरची रेघ दिसत असते, आणि त्या रेघेचं सर्वांत वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. इंजिन फिरत असताना पंख्यासारखी हवा आणि फ्लायव्हीलचा फेरा तेलाला आडवंही नेतात, म्हणून वर आणि पुढे अशा दोन्ही बाजूंना माग काढायचा.

फ्लायव्हीलचा, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या जड चाकाचा, उल्लेख आला म्हणून सांगतो. चेसीवर आणि बॉडीच्या आतल्या बाजूला फ्लायव्हीलच्या रेषेत तेलाचा सरळ पट्टा उमटलेला दिसला, तर पुढचं बेअरिंग जरुरीपेक्षा जास्त सोडतंय. तेल शाफ्टवरून पुढे येतं, फ्लायव्हील ते गरकन फेकतं आणि ते एकाच पातळीत उडतं. तेच तेल क्लचमध्ये शिरलं की क्लच घसरायला लागतो. ट्रक ओढत नाही म्हणून लोक इंजिनाला दोष देतात, क्लचचे शू बदलतात, आणि बेअरिंग तसंच राहतं.

टाकीपासून तपासायला सुरुवात करावी असं मी म्हणतो, कारण टाकी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित असते. एक्झॉस्टच्या पाइपवरच्या छोट्या निपलपासून एक सिलिकॉनची नळी टाकीच्या वरच्या तोंडाला जाते. एक्झॉस्टचा दाब टाकीत येतो आणि इंधनाला कार्ब्युरेटरकडे ढकलतो. म्हणजे टाकी हे नुसतं भांडं नाही, ती इंधनपुरवठ्याचा दाब धरून ठेवते. झाकणाचा रबर कडक झाला, झाकणाची स्प्रिंग ढिली पडली किंवा दोन अर्ध्या भागांच्या जोडाला बारीक तडा गेला, की दाब निसटतो. मग इंजिन पूर्ण थ्रॉटलवर लीन होतं. टाकी भरलेली असताना बरं चालतं आणि अर्धी झाली की तक्रार करतं, कारण पातळी खाली गेल्यावर इंधनाला वर चढवायला दाब हवा असतो आणि तोच नसतो. बाहेर मात्र झाकणाभोवती थोडासा चिकटा, एवढंच दिसतं. भरताना सांडलं असेल म्हणून तो पुसला जातो.

टाकी ट्रकमधून काढायची, धुवायची, एक नळी चिमट्याने बंद करायची आणि दुसऱ्या नळीला रिकामी सिरिंज लावायची. टाकी पाण्यात पूर्ण बुडवून सिरिंजने हलकाच दाब द्यायचा. तोंडाने फुंकू नये. मिथेनॉल विषारी आहे, थोड्या प्रमाणातही पोटात गेलं तर डोळ्यांची नजर जाऊ शकते, आणि ते त्वचेतूनही शोषलं जातं. या इंधनाशी खेळताना हातमोजे घालणं मला भित्रेपणाचं वाटत नाही. शिवाय मिथेनॉलची ज्योत लख्ख उन्हात जवळजवळ दिसत नाही. गळणारं इंधन तापलेल्या पाइपजवळ असताना ग्लो इग्नायटर, म्हणजे सुरू करताना प्लग तापवणारं साधन, लावायला कुणी वाकलं की माझ्या छातीत धस्स होतं. गळती सापडेपर्यंत इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करून बघायचं नाही, हे या कारणासाठीसुद्धा.

पाण्यात बुडबुड्यांची बारीक माळ कुठून निघते ते दिसतं. पहिले एक-दोन बुडबुडे खाचांत अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्यायचे. एकाच जागेवरून ठरावीक अंतराने येत राहतात ते खरे. झाकणावरून येत असतील तर झाकण बोटाने दाबून बघावं. दाबल्यावर थांबले तर स्प्रिंगचं काम, तरीही आले तर रबराचं.

नळ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्या स्वस्त असतात, शंका आली की बदलाव्यात. दोन जागा मात्र नक्की बघायच्या. निपलवर चढवलेलं टोक, जिथे ताणून ताणून बारीक चीर जाते, आणि एक्झॉस्टला टेकणारा भाग, जिथे भाजून सुई टोचल्यासारखं भोक पडतं. नळी वाकवून आणि किंचित ताणून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. इंधनाचा फिल्टर दोन भागांचा असेल तर त्याच्या आट्यांमधूनही पाझर होतो, आणि इंजिन चालू असताना नळीत बुडबुडे धावताना दिसतात. नळी पारदर्शक असेल तर इंजिन आयडलला असताना तिच्याकडे नुसतं पाहत राहावं. धावणारा प्रत्येक बुडबुडा म्हणजे इंधनाऐवजी कार्ब्युरेटरला मिळालेली हवा.

एक गळती अशीही आहे जी चालत्या इंजिनाची नसतेच. ट्रक टाकी भरून ठेवला, सकाळी खाली तळं. यात बहुधा कशालाच भोक पडलेलं नसतं. टाकीतली पातळी कार्ब्युरेटरपेक्षा वर असते आणि इंधन आपल्या वजनाने हळूहळू उतरत राहतं. काही कार्ब्युरेटरमधून बाहेर, काही इंजिनात. इंजिनात साचलेलं इंधन जास्त घातक, कारण द्रव दाबला जात नाही. पुल स्टार्टरची दोरी अर्ध्यावर अडकते आणि माणूस जोर लावतो. त्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. दोरी अडली की सिलिंडरच्या डोक्यातला, मिश्रण पेटवणारा ग्लो प्लग काढायचा, ट्रक उलटा करायचा, प्लगच्या भोकावर फडकं धरायचं, तोंड बाजूला करायचं आणि मग दोरी ओढायची. आणि टाकी दिवसअखेर रिकामीच करून ठेवायची.

कार्ब्युरेटर मात्र सावकाश तपासण्यासारखा. त्याची मान क्रँककेसमध्ये बसते आणि तिच्या तळाशी एक ओ-रिंग असतो. मान बसवताना कार्ब्युरेटर बोटाने खाली दाबून धरायचा, म्हणजे ओ-रिंग थोडा दबतो, आणि तसाच दाबलेला असताना बाजूचा बोल्ट आवळायचा. न दाबता आवळला तर बोल्ट घट्ट असतो, कार्ब्युरेटर हलतही नाही, आणि तरी खालून हवा जात राहते. इंजिन आयडलला असताना मानेभोवती आफ्टर-रन तेलाचा (इंजिन बंद केल्यावर गंजापासून जपायला घालतात ते) एक थेंब सोडून बघायचं. थेंब बुडबुडला किंवा आत ओढला गेला आणि त्याच क्षणी आवाज बदलला, तर शोध तिथेच संपला.

नीडलच्या आट्यांवरही छोटे ओ-रिंग असतात. नीडल फिरवताना बोटांना हलका, एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. अगदीच मोकळा फिरत असेल तर त्याचा ओ-रिंग गेलेला आहे. तिथून हवा शिरते, शिवाय ट्रक हादरला की नीडल आपोआप सरकतो. स्लाइडच्या कार्ब्युरेटरला घडीघडीची रबरी टोपी असते. ती घड्यांच्या तळाशी फाटते आणि वरून धडधाकट दिसते. बोटांनी ताणून, घड्या उघडून बघायची.

ग्लो प्लगभोवती हेडवर काळी ओली कडी दिसली, आयडलला तिथे बारीक चरचर ऐकू आली, तर प्लगखालची तांब्याची वॉशर चपटी झालेली आहे किंवा राहूनच गेली आहे. टर्बो प्लगला वॉशर नसते, त्याची शंकूसारखी कड थेट हेडवर बसते, त्यामुळे तिथे कचऱ्याचा एक कणही चालत नाही. हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, समोरासमोरच्या जोड्या धरून, थोडे थोडे करत आवळायचे.

पुल स्टार्टर बॅकप्लेटवर बसतो आणि त्याचा दांडा बॅकप्लेटमधून आत जातो. तिथला ओ-रिंग झिजला की तेल स्टार्टरच्या घरात उतरतं आणि वन-वे बेअरिंग घसरायला लागतं. दोरी ओढली तरी इंजिन फिरत नाही. बहुतेकजण नवा स्टार्टर घेतात, तो महिनाभर चालतो आणि पुन्हा तेच. स्टार्टर उघडला आणि आत तेलाने भरलेला दिसला, तर दोष स्टार्टरमध्ये नाही, त्याच्या मागच्या सांध्यात आहे.

एवढं करून संशय उरला तर पूर्ण इंजिनाची पाण्यातली तपासणी. ही मला फार आवडते. इंजिन ट्रकमधून काढायचं, क्लच आणि स्टार्टर उतरवायचा, कार्ब्युरेटरचं तोंड आणि इंधनाचं निपल बंद करायचं. एक्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच बसवायचं आणि बुचातून एक नळी आत न्यायची. पिस्टन सगळ्यात खाली आणून इंजिन पाण्यात सोडायचं आणि सिरिंजने हलका दाब द्यायचा. पिस्टन खाली असताना बाजूच्या वाटा उघड्या असतात, त्यामुळे ही हवा हेडपर्यंतही पोचते आणि क्रँककेसमध्येही उतरते. प्लग, हेड, बॅकप्लेट, पुढचं बेअरिंग, सगळे एकदमच परीक्षेला बसतात. बेअरिंगमधून अधूनमधून एखादा बुडबुडा येणं चालतं. सलग धार लागली तर ते बदलायला आलं. मग पिस्टन अर्धा वर चढवून, एक्झॉस्ट बंद ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडातून दाब द्यायचा. या स्थितीत शाफ्टमधली मिश्रण आत घेणारी खिडकी उघडी असते आणि कार्ब्युरेटरच्या मानेवर दाब येतो. पाण्यातून काढल्यावर लगेच कोरडं करून आफ्टर-रन तेल घालून इंजिन हाताने भरपूर फिरवायचं. बेअरिंगला गंज चढायला फार वेळ लागत नाही.

गळती सापडल्यावर सिलिकॉनची ट्यूब हाताशी असतेच, आणि तिचा मोह मोठा असतो. मी ती वापरतो, पण फक्त कार्ब्युरेटरच्या मानेला आणि बॅकप्लेटला, तापमान सोसणारी, आणि पृष्ठभाग स्पिरिटने पुसून इतक्या पातळ थरात की आवळल्यावर बाहेर फुगवटा येऊ नये. फुगवटा जसा बाहेर येतो तसा आतही येतो, आणि आत सुटलेला तुकडा क्रँककेसमधून थेट पिस्टनकडे जातो. मग एक पूर्ण दिवस वाळू द्यायचं. नीडलच्या ओ-रिंगला सिलिकॉन लावायचं नाही. ओ-रिंग बदलता येत असेल तर बदलावा, आणि तो ज्या खाचेत बसतो ती खाच आधी साफ करावी. एक्झॉस्टच्या सांध्याला गॅस्केट आणि सिलिकॉनची जोडनळी असते. तिथल्या गळतीने चेसीवर काळं तेल पसरतं आणि टाकीला जाणारा दाब कमी होतो, म्हणून ती केवळ घाण म्हणून सोडू नये.

सगळं बसवल्यावर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नीडलची आधीची जागा गळतीच्या भरपाईने ठरलेली असते. गळती गेली, आता ती जागा खोटी आहे. दोन्ही नीडल बनवणाऱ्याने सांगितलेल्या मूळ जागेवर आणायचे आणि तिथून थोडी रिच, म्हणजे जास्त इंधनाची, बाजू धरायची. पहिल्या टाकीला इंजिन जड चालेल, पाइपमधून निळसर धूर भरपूर येईल, थेंब उडतील. येऊ द्यायचं. दुसऱ्या टाकीपासून हाय-स्पीड नीडल अगदी थोडा थोडा आत घेत जायचा, दर वेळी एक सलग पूर्ण थ्रॉटलची धाव घ्यायची आणि लगेच ग्लो प्लगपाशी तापमान बघायचं. ९५ ते १३० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात कुठेही ते स्थिर राहत असेल आणि थ्रॉटल सोडल्यावर आयडल सरळ खाली येऊन बसत असेल, तर लो-स्पीड नीडलकडे वळायचं. आयडलला कार्ब्युरेटरजवळ नळी चिमटायची. फेऱ्या दोन-तीन सेकंद टिकून, किंचित चढून इंजिन बंद पडलं तर नीडल जागेवर आहे. लगेच बंद पडलं तर लीन आहे, बराच वेळ चालत राहिलं तर रिच.